रविवारी संध्याकाळी मेस बंद

आगाशीला ज्याचं दुमजली घर आहे, घरामागे वेलची केळ्यांची वाडी आहे आणि ज्याच्या खात्यात दर महिन्याला बँकेची पेन्शन न चुकता जमा होते, असा साठी उलटलेला माणूस तुमच्याकडे वडापावसाठी वीस रुपये उसने मागतो, तेव्हा पहिल्या वेळी वाटतं की हा गंमत करतोय. दुसऱ्या वेळी वाटतं, पाकीट घरी विसरला असेल. नंतर नंतर मात्र महिन्याची वीस तारीख उलटली की आपणच विचारायला लागतो, "काका, आज आहेत की देऊ?"

राऊतकाका मग शर्टाचा खिसा चाचपायचे, पँटचे दोन्ही खिसे चाचपायचे, आणि अगदी प्रसन्न चेहऱ्याने सांगायचे, "पैसे संपलेत, तुस्कानो. महिना अजून बाकी आहे."

तुस्कानो म्हणजे मी. प्रीती तुस्कानो, राहणार गास, तालुका वसई. मला घरात, गल्लीत, चर्चमध्ये कोणी आडनावाने हाक मारत नाही. काका मारायचे, कारण त्यांच्या मते बाहेरगावी शिकणारी मुलं एकमेकांना आडनावानेच हाका मारतात. आम्ही कोणी बाहेरगावी शिकत नव्हतो. मी गासहून यायचे, ते आगाशीहून बसने यायचे, आणि कॉलेज विरारला होतं. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आम्हीही त्यांना नुसतं 'राऊत' म्हणावं असा त्यांचा आग्रह होता. माझ्या पप्पांपेक्षा मोठ्या माणसाला 'ए राऊत' कसं म्हणणार? शेवटी राऊतकाका यावर तडजोड झाली.

आम्ही इतिहासात एमए करत होतो. वर्गात वीस-बावीस मुलं, आणि शेवटच्या बाकावर राऊतकाका. पहिला आठवडाभर कॉलेजचा शिपाई त्यांना पाहुणे प्राध्यापक समजून स्टाफरूमचा चहा आणून देत होता. काका तो रोज परत पाठवायचे. विद्यार्थ्याने स्टाफरूमचा चहा पिणं बरं दिसत नाही, म्हणायचे, आणि स्वतः कँटीनला जाऊन रांगेत उभे राहायचे. मॅडमनी सगळ्यांना विचारलं, इतिहासच का घेतलात. कोणी किल्ल्यांचं नाव घेतलं, कोणी स्पर्धा परीक्षांचं. काकांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "इतिहासाला जागा होती म्हणून. मला विद्यार्थी व्हायचं होतं." वर्ग हसला. तेही हसले.

घरी मी हे नाव सांगितलं तेव्हा आमच्या मोठ्या काकांच्या हातातला घास हातातच राहिला. कर्जखात्यातले राऊतसाहेब? त्यांनी टेम्पोसाठी कर्ज काढलं होतं ते राऊतसाहेबांच्याच टेबलावरून. पावती नसलेला एक रुपया त्या माणसाने कधी मान्य केला नाही, असं ते सांगत होते. फादरपुढे कन्फेशनला बसणं सोपं, पण राऊतसाहेबांपुढे कर्जाला बसणं कठीण, असं तेव्हा गासमध्ये म्हणायचे म्हणे. तो माणूस आता माझ्याकडून वडापावला पैसे घेतो, यावर आमच्या काकांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

खरं सांगायचं तर आम्हालाही ते कोडंच होतं. कारण पैशाच्या बाबतीत आमच्या वर्गातला सगळ्यात उधळा विद्यार्थी कोण, तर राऊतकाका.

विद्यार्थ्यांचा महिना कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. पहिल्या पाच-सहा दिवसांत आपण राजे असतो. चीज घातलेला डोसा, कोल्ड कॉफी, रिचार्ज, सेलमध्ये दिसलेला टॉप. पंधरा तारखेला साधा डोसा. त्यानंतर चहा आणि खारी. आणि मध्येच कोणाचा तरी वाढदिवस येतो, मग काँट्री काढायची. काँट्री म्हणजे वर्गणी, पण वर्गणीला नाही म्हणता येतं, काँट्रीला येत नाही. अर्धा केक वाढदिवसवाल्याच्या तोंडाला फासायचा आणि उरलेला सगळ्यांनी खायचा.

काकांचं अगदी असंच व्हायचं. एक तारखेला ते कँटीनमध्ये शिरले की आल्या-गेल्याला डोसा घ्यायला लावायचे. काँट्रीत त्यांचं नाव पहिलं. केक फासण्यातही ते पुढे असायचे, फक्त आधी मुलाचा चष्मा काढून हातात घ्यायचे. एकदा सगळ्यांच्या कानात बिनवायरचे इअरफोन बघून त्यांनीही सेलमध्ये मागवले. ते आल्यावर पुढचे पंधरा दिवस ते चहावर होते. इअरफोनमध्ये ऐकायला काही नव्हतं, कारण डेटा संपला होता. मला म्हणाले, "मला हे नको होतं, तुस्कानो. सगळ्यांकडे होतं म्हणून घेतलं. हे असं होतं तर." हे 'असं होतं तर' ते इतकं हळू आणि इतकं मन लावून म्हणाले, जणू काही एखादं जुनं गणित सुटलं होतं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

सिद्धेश दळवी नावाचा आमचा एक मित्र होता, नालासोपाऱ्याचा. त्याला बुटांचं वेड. त्याच्या फोनमध्ये 'आत्ता घ्या, नंतर द्या' छापाची दोन-तीन ॲप्स होती, आणि तो त्यांच्याविषयी गावातल्या श्रीमंत मामाविषयी बोलावं तसा बोलायचा. एकदा त्याने काकांना विचारलं, काका, तुम्ही बँकेत होता, जरा आम्हाला सांगा ना पैशाचं मॅनेजमेंट कसं करायचं, एसआयपी वगैरे. काकांनी मान हलवली. म्हणाले, "त्या विषयात मला विचारू नकोस, दळवी. मी त्यात नापास झालेलो आहे." आम्हाला वाटलं, इअरफोनबद्दल बोलतायत.

पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी त्यांनी आम्हाला अभ्यासाला घरी बोलावलं. मी आणि सिद्धेश रविवारी दुपारी आगाशीला गेलो. बाजारातून आत गेलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूला वाड्या, आणि शेवटी काकांचं घर. दारात सुमनकाकू उभ्या होत्या. आम्ही काकांचं नाव घेतल्यावर त्यांनी वर बोट दाखवलं. "आमचे पेइंग गेस्ट ना? गच्चीवर राहतात."

आम्हाला वाटलं काकू थट्टा करतायत. त्या थट्टा करत होत्या, पण गोष्ट खरी होती. खाली चांगली मोठी झोपायची खोली, त्यात एसी, आणि काका गच्चीलगतच्या एका लहानशा खोलीत राहत होते. एक लोखंडी खाट, पातळ गादी, एक बादली, भिंतीत दोन खिळे. त्या खोलीचं ते काकूंना दर महिन्याला भाडं द्यायचे. जेवणाचे वेगळे पैसे द्यायचे. काकू म्हणजे मेस. मेसच्या वेळा ठरलेल्या, उशिरा आलं की जेवण नाही, आणि आवडीनिवडी चालायच्या नाहीत. भाडं आणि मेस वजा जाऊन जे हातात उरे, त्यातून बस, झेरॉक्स, डोसा, काँट्री, सगळं. एकूण रक्कम त्यांनी स्वतःच ठरवली होती, आणि ती एक तारखेला काकूंनी त्यांच्या हातावर ठेवायची असा करार होता. पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड काकूंच्या कपाटात कुलूपबंद.

काकूंनी आमच्यासाठी पोहे केले, ताटलीभरून बोंबलाची चटणी आणि भाकरी आणली, आणि काकांपुढे काहीच ठेवलं नाही. मी बघत राहिले तशी म्हणाल्या, "त्यांची मेस एक वाजता संपली. आणि तुम्ही त्यांचे पाहुणे, म्हणून तुमच्या दोघांचे पैसे त्यांच्या नावावर लागणार. नियम त्यांचेच आहेत, माझ्याकडे बघू नका."

"गेस्ट चार्ज," काका म्हणाले आणि पाकिटातून खरंच पैसे काढून काकूंना दिले. काकूंनी ते कमरेला खोवले. त्या मेसच्या पैशांतून त्यांनी नवीन मिक्सर घेतला होता, तोही आम्हाला दाखवला.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा काका आमच्याबरोबर नाक्यापर्यंत आले. मला वाटलं पोचवायला आलेत. ते वडापावच्या गाडीवर थांबले, आणि त्यांच्याकडे दहाच रुपये निघाले. दहा सिद्धेशने घातले. "रविवारी संध्याकाळी मेस बंद असते," ते म्हणाले. घरापासून इथवर येताना आम्ही त्यांच्याच वाडीच्या कडेने आलो होतो. पडवीत पिकलेल्या वेलची केळ्यांचा अख्खा घड टांगलेला होता. मी म्हटलं, काका, एखादं केळं तरी खायचं. ते म्हणाले, "वाडी माझ्या बापाची आहे. मी पडलो विद्यार्थी. परगावी कुठली वाडी?"

मागून मला कळलं की आगाशीत या प्रकाराची फार चर्चा होती. सॅंडलला तीन ठिकाणी शिवण घालून राऊतसाहेब बसच्या रांगेत उभे राहतात म्हटल्यावर लोकांनी ठरवूनच टाकलं की बँकेने पेन्शन थांबवली. एक शेजारी तर गुपचूप काकूंना विचारून गेला की काही हवं असेल तर संकोच करू नका. काकू संतापल्या. काकांनी त्याला बोलावून त्याचे आभार मानले. मात्र सॅंडल काही बदलली नाही. ती पुढच्या महिन्याच्या खर्चात होती, आणि पुढचा महिना आला की एक तारखेला डोसे व्हायचे.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या माणसांना एकेक खूळ असतं. कोणी योगाच्या मागे लागतं, कोणी कविता करतं. आमच्या काकांना विद्यार्थी व्हायचं होतं. दीड वर्ष असंच गेलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका दुपारी आम्ही कँटीनमध्ये बसलो होतो, सिद्धेश त्या दिवशी आला नव्हता, आणि माझा फोन वाजला. पलीकडून एक माणूस विचारत होता, सिद्धेश दळवी तुझा कोण लागतो, त्याने पैसे बुडवलेत, तूही त्यात आहेस का. मी गडबडून फोन स्पीकरवर टाकला. मी काही बोलायच्या आत काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. आणि मग मी पहिल्यांदा राऊतसाहेबांना ऐकलं. आवाज चढला नाही. त्यांनी समोरच्याला नाव विचारलं. कंपनीचं नाव विचारलं. कर्जदाराच्या मैत्रिणीला फोन करायचा अधिकार कोणत्या नियमाने मिळाला, ते विचारलं. तक्रार कोणाकडे नोंदवायची त्या अधिकाऱ्याचं नाव विचारलं. चौथ्या प्रश्नाला फोन कट झाला.

सिद्धेशचं काय झालं होतं ते आम्ही त्याच्याकडून काढून घेतलं. एका ॲपचे पैसे फेडायला त्याने दुसऱ्यातून घेतले होते, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्यातून. व्याज आणि दंड धरून बेचाळीस हजार. परीक्षेची फी भरायची शिल्लक होती, आणि तो परीक्षेला बसणारच नव्हता. कुठेतरी डिलिव्हरीचं काम करून दोन-तीन महिन्यांत फेडतो, असं त्याचं चाललं होतं. घरी माहीत नव्हतं. त्याचे बाबा वसईच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शिस्तीचे. त्यांना कळलं तर घरात घेणार नाहीत, म्हणाला.

आम्ही लगेच काँट्री काढायचं ठरवलं. वर्गातून, मित्रांकडून, जमेल तेवढं. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, काँट्रीने पैसे फिटतील, पण घरी सांगायचं राहून जाईल, आणि ते राहिलं की राहतंच. मग सिद्धेशकडे वळून म्हणाले, "चल, तुझ्या घरी जाऊ. मी बोलतो. तुस्कानो, तू पण चल."

नालासोपारा पूर्वेला चौथ्या मजल्यावर सिद्धेशचं घर होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा नुकतेच कामावरून आले होते, अंगात अजून कंपनीचा शर्ट होता. वयस्कर माणूस दारात बघून ते उठून उभे राहिले, काकांना खुर्ची दिली. आई आत होती. काकांनी जे होतं ते सरळ सांगून टाकलं. सिद्धेश भिंतीला टेकून खाली बघत होता.

बाबांनी विचारलं, "किती?"

सिद्धेशने आकडा सांगितला.

ते काकांसमोर बसले. मग म्हणाले, "मी तुला कमी केलं काय? कुठे गेले एवढे पैसे? बस इथे. मला पै न् पैचा हिशेब दे."

सिद्धेशला हिशेब देता येईना. बूट, फोन, कोणाचा वाढदिवस, एका मैत्रिणीबरोबर दोनदा जेवायला गेलेला, मग व्याज. प्रत्येक गोष्ट सांगताना ती आणखीच क्षुल्लक वाटत होती. बाबांचा चेहरा बदलत चालला होता. तेव्हा काका म्हणाले, "दळवी, हिशेब मागू नका. मी मागितला होता."

बाबा त्यांच्याकडे बघायला लागले. मीही.

काका सांगायला लागले ते कोणाकडे न बघता. त्यांचा मुलगा, प्रसाद, इंजिनिअरिंगला पुण्याला होता. आम्हाला एवढंच माहीत होतं की त्यांना मुलगा आहे आणि तो हैदराबादला असतो. काका म्हणाले, "मी कर्जखात्यातला माणूस. त्याचा महिना मी कागदावर बसवला. खोलीभाडं इतकं, मेस इतकी, बस इतकी, अडीअडचणीला शंभर. अगदी चोख बसला. दोन-तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, बाबा, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, बाहेर खावं लागतं, ते तुम्ही धरलं नाही. मी म्हटलं, आठवड्यातून एकदा उपाशी राहून कोणी मरत नाही. आणि वर म्हटलं, पैसे हवे असतील तर आधी हिशेब पाठव."

काका खुर्चीच्या कडेला सरकले.

"त्यानंतर चार वर्षांत त्याने माझ्याकडे कधी पैसे मागितले नाहीत. मी बँकेत सगळ्यांना सांगायचो, मुलगा असावा तर असा, एक रुपया जास्त मागत नाही."

बाकीचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. प्रसाद रात्री एका झेरॉक्सच्या दुकानात काम करत होता, हे त्यांना कळलं नाही. तिसऱ्या वर्षी त्याला कावीळ झाली, तेव्हा एक मित्र त्याला आपल्या घरी साताऱ्याला घेऊन गेला, हेही कळलं नाही. कळलं ते प्रसादच्या लग्नात. त्या मित्राची आई काकांना भेटायला पुढे आली आणि कौतुकाने म्हणाली, तुमचा मुलगा काविळीत महिनाभर आमच्याकडे होता, पथ्याचं जेवताना कधी कुरकुर केली नाही.

"मी मान हलवली," काका म्हणाले. "मला माहीत असल्यासारखी."

मग ते सिद्धेशच्या बाबांकडे वळले. "मी फोनवर त्याला पहिलं विचारायचो, किती उरले. जेवलास का, हे मी कधी विचारलं नाही. ते त्याच्या आईकडे सोपवलं होतं. तुम्ही रागवा, तुमचा हक्क आहे. कर्ज कसं मिटवायचं ते आपण दोघं बसून बघू, ते माझं कामच होतं. पण त्याने तुमच्याकडे मागणं सोडू नये, एवढं बघा."

सिद्धेशचे बाबा उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आत बघून म्हणाले, "ताटं घे. पोरगा जेवलाय की नाही कोणाला माहीत." एवढं बोलून ते तिथेच पाठमोरे उभे राहिले.

कर्ज मिटलं. काकांनी त्या कंपन्यांशी बोलून दंड कमी करवून घेतला, उरलेले बाबांनी कारखान्याच्या पतसोसायटीतून काढले, आणि सिद्धेश परीक्षेला बसला. हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघं खाली उतरून रिक्षाची वाट बघत उभे होतो, आणि मला गेली दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून दिसत होती. ती गच्चीवरची खोली, ते भाडं, तो पडवीतला घड. त्या वेळी प्रसादला ते जी रक्कम पाठवायचे, तिला महागाईचा दर लावून त्यांनी आजचा आकडा काढला असणार, आणि त्यावर ते जगून बघत होते.

मी विचारलं, "काका, पुरतात का?"

"नाही पुरत," ते म्हणाले. "महागाई धरून, सगळं धरून, नाही पुरत. आणि माझ्या तर खालच्या मजल्यावर बायको आहे."

"मग त्याला सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही सांगितलं, म्हणाले. प्रसादशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, म्हणाले, निदान मिटवता आलं असतं. प्रसाद वर्षातून एकदा-दोनदा यायचा, नीट बोलायचा, आईशी फोनवर तासभर गप्पा मारायचा. आणि दर एक तारखेला बापाच्या खात्यात पैसे पाठवायचा. एकदाही चुकला नाही, एकदाही उशीर नाही. काकांना पेन्शन होती, वाडी होती, त्या पैशांची गरज नव्हती. नको म्हटलं तर तो म्हणायचा, असू द्या बाबा. काही सांगायला गेलं तरी असू द्या बाबा. "तो माझ्याशी हिशेबाने वागतो," काका म्हणाले. "माझ्याकडूनच शिकला."

एमए संपलं. काकांना सेकंड क्लास मिळाला. मी बीएड केलं आणि माणिकपूरच्या एका शाळेत शिकवायला लागले. काकांची भेट कमी झाली. फोन व्हायचा कधीमधी.

गेल्या दिवाळीनंतर मी आईबरोबर आगाशीच्या बाजारात गेले होते, आणि भाजीवालीकडे काका दिसले. थकलेले वाटले. मी आईला पुढे पाठवलं आणि देवळाच्या पायरीवर त्यांच्याजवळ बसले. सुमनकाकूंची चौकशी केली, सिद्धेशला नोकरी लागल्याचं सांगितलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं की दिवाळीला प्रसाद आला होता.

गच्चीवरची खोली त्यांनी मोडली नव्हती. प्रसाद वर कपडे वाळत घालायला गेला आणि खाट, बादली, खिळ्यांना टांगलेले कपडे बघून खाली येऊन विचारायला लागला, वर कोणाला ठेवलंय. सांगितलं ते काकूंनी. पोळ्या लाटता लाटता, पाठ न वळवता, पहिल्यापासून सगळं. प्रसादने ऐकून घेतलं. रात्री आपली उशी घेऊन वर गेला आणि त्या खाटेवर झोपला. काकाही थोड्या वेळाने वर गेले आणि खाली चटई टाकून आडवे झाले.

"काय बोललात?" मी विचारलं.

"काही नाही. त्याला गार लागेल म्हणून मी पंखा बंद केला. मला डास चावतील म्हणून त्याने उठून लावला. असं दोन-तीनदा झालं. मग त्याला झोप लागली." ते पायरीकडे बघत म्हणाले, "तो झोपलेला किती वर्षांनी बघितला. केस पिकायला लागलेत त्याचे, तुस्कानो. विशीतला पोरगा डोक्यात ठेवून मी दोन वर्षं तिथे झोपलो. आणि आला तो हा, पिकल्या केसांचा. त्याला आता माझ्याकडून काय लागणार?"

बाजारात भाव करणाऱ्यांचे आवाज येत होते, विरारची बस हॉर्न वाजवत वळत होती.

दुसऱ्या दिवशी विमान होतं. गाडी दारात आली, प्रसाद आईच्या पाया पडला, बापाच्या पाया पडला, आणि गाडीत बसता बसता काकांनी त्याच्या हातात पैसे कोंबले. निघणाऱ्या लेकराच्या हातावर आपल्याकडे ठेवतात तसे. लाखांत पगार घेणाऱ्या माणसाच्या.

"किती दिलेत?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"काय माहीत," राऊतकाका म्हणाले. "खिशात हात घातला, आले तेवढे दिले."

"आणि तो?"

"त्याने बघितले नाहीत. शर्टाच्या खिशात ठेवले. असू द्या म्हणाला नाही." त्यांनी भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं, परीक्षेच्या आधी एखादा प्रश्न येईल का म्हणून विचारायचे तसं. "राग असता तर त्याने परत केले असते ना?"

मी म्हटलं, "हो, काका."

त्यांनी मान हलवली. मग आई हाक मारत होती म्हणून मी उठले.